चार बोटं आग

मास्त्रो त्रिफोनेला खोटा माणूस काढता येत नसे. ढग, पंख, रेशमाच्या चुण्या, मेंढरांची लोकर हे सगळं तो शिळोप्याच्या गप्पा मारत रंगवून टाकी. पण माणसाचं अंग आलं की त्याचं घोडं अडे. कान असो की कोपर, समोर पाहिल्याशिवाय त्याच्या हातून उतरतच नसे. तरुणपणी नेपल्सला एका मोठ्या चित्रकाराकडे दोन वर्षं तो रंग घोटायला होता. त्या उस्तादानं त्याला निरोप देताना सांगितलं होतं, "बाबा रे, तुझ्या डोक्यात माणसंच नाहीत. तुझी सगळी माणसं बाहेर उभी आहेत. गावी जा, तिथं तरी ती ओळखीची असतील."

तो तोर्रेसाल्वाला परत आला आणि पुढची तीस वर्षं आसपासच्या सात गावांतली चर्चं त्यानं ओळखीच्या माणसांनी भरून टाकली. संत पेत्र म्हणजे मीठ विकणारा म्हातारा. तुरुंगातून सुटणारा संत लिओनार्दो म्हणजे दोनदा खरोखरच तुरुंगात जाऊन आलेला न्हावी. आपले कापलेले स्तन तबकात धरून उभ्या असलेल्या संत आगाथाला चेहरा होता भटारणीचा. त्यावरून भटाऱ्याला लोक छेडत, तेव्हा तो म्हणे, "चेहरा माझ्या बायकोचा आहे, ते मी सांगतो. तबकातलं बाकीचं कुणाचं, ते मास्त्रोला विचारा." कापुचिन साधूंच्या भोजनघरातल्या भिंतीवर त्यानं प्रभूचं शेवटचं भोजन काढलं. तिथं बाराही शिष्यांपुढे वालाचं घोटलेलं वरण आणि कडू रानभाजी वाढलेली आहे, कारण साधूंच्या ताटात त्या दिवशी तेच होतं. लोक मिस्सेला, म्हणजे रविवारच्या उपासनेला येत, वर बघत आणि कुणाची नजर कुणाशी जुळली म्हणून हसू दाबत.

यहूदा म्हणून मात्र बसायला कुणी तयार होईना. प्रभूला विकणाऱ्याचा चेहरा कोण देणार? शेवटी चुन्याच्या भट्टीवाला क्विंतीनो म्हणाला, "कुनीतरी बसायलाच पायजे न्हवं? मी बसतो. पर तोंड भिताडाकडं कर बाबा, बायकू जेवाय घालायची न्हाई." म्हणून त्या चित्रात यहूदा पाठमोरा आहे. नुसती मान, रुंद पाठ आणि टेबलाखालच्या अंधारात गेलेले पाय.

क्विंतीनोशिवाय त्रिफोनेचं काम चालत नसे. भिंतीवरचं चित्र ओल्या गिलाव्यावर काढायचं असतं. सकाळी जेवढा गिलावा थापला तेवढा संध्याकाळपर्यंत रंगवायचा, उद्या तो रंग पीत नाही. त्या गिलाव्याचा चुना क्विंतीनोच्या भट्टीतला आणि थापणारे हातही त्याचेच. परांचीवर दोघं पाठीला पाठ लावून दिवस दिवस काढत. भट्टीच्या झळीनं क्विंतीनोच्या भुवया कधीच जळून गेल्या होत्या. त्यामुळे तो कायम नुकतंच काहीतरी आश्चर्य ऐकल्यासारखा दिसे. त्याच्या थोरल्या मुलीच्या बाप्तिस्म्याला त्रिफोने धर्मबाप म्हणून उभा राहिला. त्यानं त्या तान्ह्या पोरीच्या गळ्यात चांदीच्या कडीतलं पोवळं घातलं. त्या दिवसापासून क्विंतीनोची बायको मेंगा त्याला मास्त्रो म्हणायची थांबली आणि 'कोंपारे' म्हणू लागली. आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावाहून वरचं. भावाशी भांडता येतं, कोंपारेशी नाही.

तरी ते बिनसलं. सांता मरीनाच्या चर्चच्या छतावरून.

जुलैत तिचा सण असतो. त्या वर्षी छत सणाच्या आत पुरं करून द्यायचं त्रिफोनेनं कबूल केलं होतं. चुना पाण्यात विरवून खड्ड्यात घातला की दोन वर्षं तरी मुरावा लागतो, तीन झाली तर उत्तम. मुरलेला खड्डा संपला होता आणि दुसरा अजून कच्चा होता.

"ह्याला आठच म्हैनं झाल्यात," क्विंतीनो म्हणाला होता. "आतला खडा मेला न्हाई अजून."

"उघड."

"त्रिफोने, उमलंल त्यो. वर जाऊन फुटंल."

"फुटेल तेव्हा बघू. सण काही आपल्यासाठी थांबत नाही. उघड म्हणतो ना!"

क्विंतीनोनं खांदे उडवले आणि खड्डा उघडला. सण झोकात झाला. पुढच्या वसंतात, उपासाच्या दिवसांत, छताला फोड येऊ लागले. न मेलेला खडा हवेतलं पाणी पिऊन फुगे आणि वरचा रंग टपकन उडवून देई. भर मिस्सेत बायकांच्या डोक्यावर देवदूतांच्या गालाचे तुकडे पडू लागले. गावानं लगेच ठरवून टाकलं की भट्टीवाल्यानं कच्चा चुना खपवला. त्रिफोनेनं तसं कुणाला सांगितलं नाही. तसं नाही, असंही सांगितलं नाही.

क्विंतीनोला पुन्हा कुठल्या चर्चनं बोलावलं नाही. तो पाण्याच्या टाक्यांना आणि रोगी मेलेल्या घरांना फासायचा चुना विकू लागला. दोन वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. मग एका परतून आलेल्या थंडीत क्विंतीनोच्या छातीत धरलं आणि चार दिवसांत तो गेला. त्रिफोने तेव्हा समुद्राकडच्या एका मठात काम करत होता. निरोप सकाळी पोचला, पण भिंतीवर गिलावा ओला होता. ओला गिलावा टाकून येता येत नाही हे कारण खरंच होतं. तो आला तेव्हा माती देऊन दोन दिवस झाले होते.

त्यानंतर दीड वर्षानं मेलेल्यांसाठी प्रार्थना चालवणाऱ्या मृतात्म्यांच्या बंधुमंडळानं त्याला गावच्या चर्चमधल्या वेदीवरचं मोठं चित्र सांगितलं. विषय नेहमीचाच. वर पवित्र मरिया, मध्ये आत्म्याला ओढून घेणारा देवदूत, खाली शुद्धीस्थानातली आग. ही आग नरकातली नव्हे. इथला माणूस आज ना उद्या वर जातो, मागे राहिलेल्यांनी प्रार्थना केली तर लवकर जातो. आग त्रिफोनेनं पुरुषभर उंच काढली आणि तिच्यात सात माणसं घालायची ठरवली. आगीत बसायला गावातलं कोण येणार? त्यानं पेटीतले जुने कागद उपसले. नेपल्सच्या धक्क्यावरचे हमाल, कोळी, एक आंधळा भिकारी, असे सहा चेहरे निघाले. सगळे परके, इथं कुणी ओळखायचं नाही. सातवा मिळेना. मग तळाशी एक कागद निघाला. भट्टीच्या तोंडाशी वाकलेला क्विंतीनो, खालून उजेड पडलेला, घामानं केस चिकटलेले, तोंड उघडं. खरी आग खऱ्या तोंडावर कशी पडते ते त्या एका कागदावर होतं.

उजेडासाठी घेतला, असं तो पुढं सांगे. स्वतःलाही तसंच सांगे. सगळ्यात डाव्या कडेला, चौकटीला लागून, हनुवटीपर्यंत ज्वाळांत त्यानं तो चेहरा बसवला. त्याच्याखाली चौकटीपर्यंत नुसती आग.

दोन नोव्हेंबरला, मेलेल्यांच्या दिवशी, चित्रावरचा पडदा उघडला. चर्च गच्च भरलेलं. आधी सगळ्यांनी वर मरियेकडे पाहिलं. मग मागच्या बाकावरची एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "आगं बया, ह्यो बिनभुवयाचा त्यो क्विंतीनो न्हवं?"

सगळ्या माना डावीकडे वळल्या आणि मग खांबाशी काळ्या शालीत उभ्या असलेल्या मेंगाकडे.

*

तिसऱ्या दिवशी ती त्याच्या घरी आली. तो जवसाच्या तेलात गेरू घोटत होता. तिनं बसायला नकार दिला.

"इचारायला आले, मास्त्रो. त्यो तिथंच हाय का?"

एकोणीस वर्षांनी तिच्या तोंडून 'मास्त्रो' ऐकून त्याचा हात थांबला. "कुठं?"

"आगीत."

"मेंगा, चित्र आहे ते. मला सातवा चेहरा हवा होता. उजेड चांगला होता म्हणून—"

"समदं गाव सांगतंय, मास्त्रो बघितल्याबिगर काडत न्हाई. भटारणीचं नाक काडाय तुमी तिला तीन दिस बशिवली. मंग ह्येला बघितल्याबिगर कसं काडलंसा? कवा बघितलंसा? सपनात?"

"अगं, जुन्या कागदावरून काढला. भट्टीपाशी बसून काढला होता, तो जिवंत असताना."

"भट्टीत त्यो कवा हनुवटीपातुर बुडला न्हवता."

त्यानं घोटणी बाजूला ठेवली. तो म्हणाला, "उद्या जाऊन पुसून टाकतो. दुसरं तोंड घालतो कुणाचं तरी."

"पुसू नगा!" ती एकदम पुढं आली. "पुसला तर त्यो जाईल कुठं? आगीत न्हाई, वर न्हाई. आत्ता निदान ठावठिकाणा तरी हाय."

"मग काय करू? देवदूताच्या हातात देऊ त्याला?"

"चोरून न्हाई." मेंगानं विचार करून ठेवला होता असं दिसलं. "त्येनंबी काय कमी केल्यालं न्हाई. शुक्रवारी चोरून डुकराचं मटन खायाचा. तोंडात तर कायम शिव्या. एकदा माझ्यावर लाकूड उगारलं व्हतं, मारलं न्हाई, पर उगारलं. जेवडं भोगायचं तेवडं भोगू द्या. मी रोज जपमाळ करीन, शुक्रवार धरीन. जप व्हईल तशी आग उतरवा. म्होरल्या सालापासनं. दर साली थोडी."

त्रिफोनेनं गेरूचे हात चिंधीला पुसले. आयुष्यात त्यानं बरीच गिऱ्हाइकं पाहिली होती, असं काम कुणी सांगितलं नव्हतं. चित्र मंडळाचं आहे, मंडळाला विचारावं लागेल, एवढंच तो म्हणाला.

"इचारा मंग," म्हणून ती गेली.

मंडळाचा प्रमुख शिप्योने. गावाखाली खडकात कोरलेले तेलाचे तिन्ही घाणे त्याचे. रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या मागच्या खोलीत बैठक होई, तिथं त्रिफोनेनं विषय काढला. शिप्योनेनं पोटावर हात बांधले.

"मास्त्रो, पडदा पडला, काम झालं. आता मंडळाच्या संमतीशिवाय चित्राला हात लावायचा नाही, असं कागदावर तुम्हीच सही केलीय."

"संमतीच मागतोय."

"कशासाठी? त्या भट्टीवाल्यासाठी? अहो, सांता मरीनाचं अर्धं छत माझ्या बायकोच्या अंबाड्यात पडलं! तिच्या केसांतून मी संत मिखाएलाचं नाक काढलंय, या बोटांनी. भाजू दे की जरा. कच्चा माल विकणाऱ्याला भट्टी कशी लागते, कळू दे त्याला."

खोलीत हशा पिकला. त्रिफोनेचेही ओठ हसण्यात थोडे हलले.  विषय संपला, मग मेणबत्त्यांचं बोलणं निघालं.

गावात भिंतींना कान नव्हते, माणसांनाच होते आणि ते पुरे होते. पंधरा दिवसांनी मेंगा पुन्हा आली. या वेळी तिनं विचारलं काहीच नाही. टेबलावर रंगाच्या शिंपल्यांच्या मध्ये तिनं चांदीच्या कडीतलं पोवळं ठेवलं.

"ह्ये घ्या."

"मेंगा, हे परत करतात का कुणी? बाप्तिस्म्याचं आहे."

"खड्डा आठ म्हैन्यांचा व्हता," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "त्याच सांजंला त्येनं मला सांगितलं. म्हनला, कोंपारे ऐकंना, उघडला. मी म्हनलं, मंग गावाला सांग. त्यो म्हनला, माझ्या तोंडानं कशाला, त्योच सांगंल. दोन वर्सं त्यो वाट बघत व्हता. भाईर कुनाची पावलं वाजली की दाराकडं बघायचा." ती दारापर्यंत गेली आणि वळली. "मला वाटलं, तुमी त्येला आगीत काडला, आता तरी बोलाल. तुमी हसलासा."

पोवळं तिथंच राहिलं. त्रिफोनेनं ते उचलून पेटीत टाकलं नाही आणि बाजूलाही सारलं नाही. आठवडाभर तो त्याच्याभोवतीच रंग घोटत होता.

डिसेंबरात संत लुचियाच्या दिवशी मंडळाची मोठी बैठक असते, चाळीसेक माणसं. मेणबत्त्यांचं झालं, मिरवणुकीचं झालं, मग त्रिफोने उभा राहिला. तो बोलणारा माणूस नव्हता. त्यानं तीनच वाक्यं म्हटली. सांता मरीनाचा चुना कच्चा आहे हे क्विंतीनोनं मला सांगितलं होतं. खड्डा मी उघडायला लावला. चार वर्षं मी गप्प बसलो. मग तो खाली बसला आणि टोपी गुडघ्यावर ठेवून तिची कड कुरतडू लागला.

शिप्योने आधी लाल झाला, मग त्याला कंठ फुटला. मंडळानं तिथल्या तिथं दोन गोष्टी ठरवल्या. सांता मरीनाचं छत मास्त्रोनं फुकट दुरुस्त करून द्यावं. आणि गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत पहिला कंदील धरण्याचा त्याचा मान काढून घ्यावा, त्यानं सगळ्यात शेवटी, खेचरांच्या मागून चालावं. त्रिफोनेनं मान डोलवली.

"आणि ती आग?" त्यानं विचारलं.

"अजून तुम्हाला संमती हवीय?" शिप्योने ओरडला. "काय लाज—"

तेव्हा गावचा पाद्री लिबेरातो बोलला. हडकुळा, सर्दीनं कायम बेजार, नाक पुसत बोलणारा माणूस. "शुद्धीस्थानातून आत्मा वर येतो हे मी इथं दर रविवारी घसा फोडून सांगतो. चित्रात आला तर बिघडलं कुठं? निदान कुणाला तरी पटलं, असं होईल. पण वर्षातून एकदाच, मेलेल्यांच्या दिवशी. आणि बाईचा जप पुरा झाला असेल तरच. एका वेळी चार बोटं, त्याहून जास्त नाही. घाई केली की काय होतं ते मास्त्रोला आता ठाऊक आहे."

यावर मात्र कुणी हसलं नाही. संमती मिळाली.

*

पहिल्या वर्षी तो शिडीच्या आठव्या पायरीवर उभा राहिला. हनुवटीखालच्या ज्वाळा त्यानं पातीनं हलक्या खरवडल्या, तिथं काजळी आणि गेरूचा धूर भरला आणि धुरातून चार बोटं मान बाहेर काढली. मान सोपी होती, यहूदासाठी काढलेली जुन्या कागदावर होतीच, नुसती फिरवून घ्यायची. मेंगा खाली उभी राहून बघत होती. काम झाल्यावर ती म्हणाली, "बरं हाय," आणि गेली.

त्या हिवाळ्यात त्यानं सांता मरीनाचं छत हातात घेतलं. चांगला चुना कुठून आणायचा या विवंचनेत असताना मेंगाच्या थोरल्या जावयानं निरोप आणला, सासूबाईंनी भट्टीवर बोलावलंय. मेंगानं एका खड्ड्यावरची फळी सरकवली. आत चुना लोण्यासारखा पांढरा, बोट बुडवलं तर चरा उमटून राहणारा.

"शेवटचा खड्डा त्येचा. कुनाला इकला न्हाई. तीन वर्सं झाली ह्येला." तिनं फावडं त्याच्या हातात दिलं. "ह्यो मुरलाय."

त्या चुन्यावरचे देवदूतांचे गाल अजून पडलेले नाहीत.

वर्षं अशीच जाऊ लागली. दुसऱ्या वर्षी गळ्याची हाडं निघाली, तिसऱ्या वर्षी खांदे. खांद्यांना मेंगानं हरकत घेतली. "डावा खाली उतरवा. तीस वर्सं दगडाची पाटी त्याच खांद्यावर." त्यानं उतरवला. चौथ्या वर्षी छातीवरचा भाजल्याचा डाग. पाचव्या वर्षी तिनं स्वतःहून सांगितलं, "औंदा चार बोटं नगं. उन्हाळ्यात तापानं पडले व्हते, जप निम्माच झालाय." त्यानं दोनच बोटं उतरवली. गावातले लोक म्हणाले, खुळी आहे, कोण मोजतंय? पण पुढच्या वर्षी तेच लोक काय होतं ते बघायला आधीच येऊन बसले.

हळूहळू त्या दिवसाला रूपच आलं. बायका पदरात भाजलेले हरभरे घेऊन येत. कुणी म्हणे, हात लहान काढलाय, कुणी म्हणे, त्याच्या डाव्या करंगळीचं टोक नव्हतं. ते खरंच नव्हतं. न्हावी, जो चित्रात संत लिओनार्दो होता, दर वर्षी तोच विनोद करी, "मास्त्रो, कमरेपाशी आलात की सांगा, लेकीसुनांना घरी पाठवतो." कमरेचं वर्ष उजाडलं तेव्हा तिथं धुराचं जाडसर वेटोळं आलं आणि न्हाव्याची निराशा झाली.

त्रिफोनेला कामं कमी येऊ लागली. लेच्चेहून एक तरुण चित्रकार फिरू लागला होता. त्याच्या सगळ्या मरियांना एकच गोड चेहरा असे. तो कुणाचाच नसल्यानं कुणाला राग येत नसे. त्रिफोने रस्त्याकडेच्या देवळ्या रंगवी, नवसाच्या पाट्या रंगवी, झाडावरून पडून वाचलेल्या माणसाची, विहिरीत पडून वाचलेल्या गाढवाची. गाढवसुद्धा तो बघून येई. डाव्या डोळ्यात मोती उतरला, मग उजव्यातही धुकं आलं. मिरवणुकीत तो खेचरांच्या मागून चाले. पुढं दोन-तीन वर्षांनी कुणीतरी म्हणालं, चला मास्त्रो पुढं, झालं गेलं. तर तो म्हणाला, इथं बरं आहे, इथून सगळ्यांच्या पाठी दिसतात.

शिडीची एकेक पायरी तो खाली येत होता. मांड्या झाल्या, गुडघे झाले, नडग्या झाल्या. गुडघ्यांसाठी त्यानं मेंगाच्या धाकट्या मुलाला उभं केलं होतं, बापाचेच गुडघे होते. बारा वर्षं झाली. आता आग घोट्यापर्यंत राहिली होती आणि शेवटची चार बोटं.

त्या ऑक्टोबरात त्यानं पेटी तीनदा उपसली. कागद खिडकीत धरून नाकाशी नेऊन पाहिले. क्विंतीनोची मान होती, पाठ होती, गिलावा थापणारे हात नऊ वेळा होते. पाय नव्हते. क्विंतीनोचे पाय त्यानं आयुष्यात पाहिलेच नव्हते. चुना पायांना खातो, म्हणून तो कायम चिंध्या गुंडाळून वर पांढरे पडलेले बूट घाली. परांचीवर, जेवताना, लेकीच्या लग्नात नाचतानासुद्धा.

मेलेल्यांच्या दिवशी शिडी लागलीच नाही. त्रिफोने वेदीच्या पायरीवर गुडघे टेकून बसला. मागं बायका, न्हावी, पाद्री लिबेरातो आणि काठी टेकत आलेला शिप्योने. त्यानं ज्वाळा खरवडल्या, धूर भरला आणि कुंचला हातात धरून थांबला.

"काय झालं?" मेंगा म्हणाली. "जप पुरा हाय माझा."

"मला त्याचे पाय ठाऊक नाहीत."

"म्हंजी?"

"पाहिलेच नाहीत कधी. धाकट्याला बोलाव, त्याचे बघतो."

"त्येचं पाय माझ्यावर गेल्यात, पसरट. त्येनं व्हायचं न्हाई." ती त्याच्या शेजारी येऊन खाली बसली, हाडं वाजवत. "मी पाहिल्यात. मी धुतल्यात, शेवटच्या दिशी. मी सांगते, तुमी काडा."

"मला न बघता येत नाही, मेंगा. उभ्या जन्मात—"

"आसंबी तुमाला आता कुटं दिसतंय? काडा गुमान."

मागून कुणीतरी खुदकन हसलं. त्रिफोनेनं सफेदा घेतला.

"एवडा पांढरा?" असं कुणी विचारण्याआधीच मेंगा म्हणाली, "पांढराच घ्या. समदा मानूस भाजल्याला, पाय तेवडं बाळागत. कवा ऊनच लागलं न्हाई त्यास्नी. टाच बी फुटल्याली न्हवती. पयल्या रातीला मी हसले व्हते, म्हनलं, ह्ये कुनाचं पाय आनलंसा?"

बायका हसल्या. मेंगा हसली नाही, ती बोटानं हवेत दाखवत होती. "हां. उजव्याचं दुसरं बोट अंगठ्यापरास लांब. अजून जरा. बास. डाव्या करंगळीला नख न्हाई, नुसता ठिपका. घोट्याचं हाड भाईर. न्हाई, एवडं न्हाई. आता बरुबर."

कुंचला कुठं टेकतोय ते त्याला धड दिसत नव्हतं. ती 'वर' म्हणाली की तो वर जाई, 'बास' म्हणाली की थांबे. असं त्यानं कधीच काम केलं नव्हतं. दुपारच्या घंटेला दोन गोरे पाय धुरात उभे होते आणि त्यांच्याखाली आग नव्हती. नुसती चौकट होती.

बायका पुढं सरकून वाकून बघू लागल्या. मग शिप्योने काठी चित्राकडे रोखून म्हणाला, "हे ठीक झालं. पण आता याला वर कोण नेणार? देवदूत तर पार उजव्या अंगाला आहे आणि त्याचे दोन्ही हात त्या नेपल्सच्या हमालात गुंतलेत."

पाद्री लिबेरातोनं नाक पुसलं. शिप्योनेचं म्हणणं खरं होतं. त्रिफोने डोळे बारीक करून वरच्या धुक्याकडे बघू लागला.

"पुढच्या वर्षी एक हात काढून बघतो," तो म्हणाला. "या बाजूनं. जमला तर."

मेंगानं चित्र खालून वर पाहिलं. पाय, गुडघे, उतरलेला डावा खांदा, बिनभुवयांचं तोंड.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "चालत जाईल. त्यो कवा कुनाच्या गाडीत बसला न्हाई."

मग तिनं त्रिफोनेच्या काखेत हात घातला, चुन्याची पाटी उचलावी तसा जोर लावला. "उठा आता, कोंपारे. फादरना मिस्सा करायचीय."